एव्हरेस्टचं अंदाजपत्रक

आमच्या शाखेत सहलीचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. मी डोंगर चढतो म्हणून नव्हे. डोंगराचं आणि माझं नातं एस.टी.च्या खिडकीतून नमस्कार करण्यापलीकडे कधी गेलेलं नाही. माना वळतात त्या मला याद्या करता येतात म्हणून. मी बी.कॉम. आहे, तोही सेकंड क्लास. ज्या ज्या गोष्टीला जमा आणि खर्च अशा दोन बाजू आहेत, ती गोष्ट मी कागदावर सुरेख मांडून देतो. पुढे ती घडते की नाही, हे माझं खातं नव्हे.

कळसूबाईवर जायची योजना अशीच माझ्या टेबलावर आली. त्याला आता अकरा वर्षं झाली. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, उंची १,६४६ मीटर. पायथ्याला बारी गाव, वाटेत लोखंडी शिड्या, माथ्यावर देवीचं देऊळ. नवरात्रात आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायका डोक्याला पदर आणि पायात साध्या वहाणा घालून वर जाऊन येतात. आमची फाईल मात्र सात पानांची आहे. तीत बॅटऱ्या आहेत, बॅटऱ्यांचे जादा सेल आहेत, दोरी आहे, दुखऱ्या गुडघ्यांसाठी मलम आहे, पोट बिघडलं तर एक गोळी आणि त्या गोळीनं जास्तच बंद झालं तर इसबगोल आहे. पाऊस आला तर काय, ऊन लागलं तर काय, कॅशियरसाहेबांचा रक्तदाब वाढला तर काय, सगळ्याची तरतूद आहे. सौ. म्हणते, "अहो, ही फाईलच एकदा बारीला नेऊन सोडा. अकरा वर्षांत तिला पाय फुटले असतील, ती एकटी चढून येईल."

याद्यांचा हा गुण माझ्यात वडिलांकडून आला. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. अप्पा सरकारी कचेरीत कारकून होते आणि भाजी आणायची पिशवीसुद्धा ते पोच घेतल्यासारखी हातात घेत. पण अप्पांकडे नंतर येऊ.

यंदा शाखेत नवे मॅनेजर आले. ते तरुण आहेत, त्यामुळे त्यांना गोष्टी व्हाव्यात असं वाटतं. त्यांनी फाईल मागितली. मी म्हटलं, "साहेब, जरा पूर्वपीठिका तयार करतो." बँकेत कुठलीही गोष्ट यापूर्वी कोणी केली आहे, असं दाखवल्याशिवाय करता येत नाही. म्हणून मी गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात गेलो आणि मोठमोठ्या लोकांनी मोठमोठ्या डोंगरांच्या योजना कशा आखल्या, ते वाचायला बसलो.

सुरुवात फार आनंदाची झाली. १९५३ सालच्या २९ मे रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्या चार पायांखाली आणखी किती पाय होते, हे शाळेत कोणी सांगत नाही. कर्नल जॉन हंट यांच्या त्या मोहिमेत ३६२ हमाल होते, वीस शेर्पा होते, आणि सामान होतं दहा हजार पौंड, म्हणजे साधारण साडेचार टन! त्याआधी, १९२०च्या दशकातल्या इंग्रज मोहिमांनी तर डबाबंद लावे आणि शॅम्पेनच्या बाटल्याही बरोबर नेल्या होत्या. माझ्या यादीतल्या इसबगोलला इतका भारदस्त पूर्वाधार मिळेल, असं मला वाटलं नव्हतं. हे लोक माझ्या जातकुळीचे होते. मी समाधानानं पान उलटलं.

आणि त्या पानावर मॉरिस विल्सन येऊन पडला. पडला म्हणजे अक्षरशः. कारण पडायचं हाच त्याच्या योजनेचा मुख्य भाग होता.

योजना अशी. एक विमान घ्यायचं. ते एकट्यानं चालवत इंग्लंडहून हिमालयापर्यंत यायचं. एव्हरेस्टच्या उतारावर ते मुद्दाम आपटायचं. मग त्यातून उतरायचं आणि उरलेला डोंगर पायी चढून माथ्यावर जायचं. संपली योजना. साडेचार ओळी. आमच्या बँकेत स्कूटरच्या कर्जाचा अर्जसुद्धा याहून लांब असतो.

मी सवयीनं तो अर्ज छाननीला घेतला. आपल्यापुढे काउंटरच्या पलीकडे हा माणूस उभा आहे, अशी कल्पना केली आणि रकाने भरत गेलो.

अर्जदार : मॉरिस विल्सन, जन्म २१ एप्रिल १८९८, ब्रॅडफर्ड. वडील लोकरीच्या गिरणीचे मालक. म्हणजे थंडीशी संबंध आला तो एवढाच. पहिल्या महायुद्धात एकट्यानं मशीनगनचा मोर्चा लढवून ठेवला म्हणून मिलिटरी क्रॉस मिळालेला. पुढे काही महिन्यांनी मशीनगनच्याच गोळ्यांनी डावा हात जायबंदी झाला, तो कधी पुरता बरा झाला नाही. युद्धानंतर नोकरी-धंद्यात मन लागेना. देशोदेशी हिंडला. न्यूझीलंडमध्ये बायकांच्या कपड्यांचं दुकान चालवलं. मग आजारी पडला. १९३२ साली त्यानं औषधपाणी सोडून पस्तीस दिवस उपास आणि प्रार्थना केली, आणि बरा होऊन उठला.

उद्देश : उपास आणि श्रद्धा यांच्या जोरावर माणूस काहीही करू शकतो, हे जगाला पटवणं. त्यासाठी जगातली सर्वांत अवघड गोष्ट करून दाखवायची, म्हणून एव्हरेस्ट. आमच्याकडेही संकष्टी करणारे पुष्कळ आहेत. पण चंद्रोदयानंतर त्यांची चढाई मोदकाच्या ताटापुढे जात नाही.

अनुभव : विमान चालवण्याचा, शून्य. डोंगर चढण्याचा, शून्य. इथं एरवी मी अर्ज परत सरकवला असता. पण पुढचं वाचण्याचा मोह आवरेना. विल्सननं विमान चालवायचं शिकून घेतलं, इतरांना लागतो त्याच्या दुप्पट वेळ घेऊन. एक वापरलेलं जिप्सी मॉथ विमान खरेदी केलं आणि त्याचं नाव ठेवलं 'एव्हर रेस्ट'. त्यातल्या 'रेस्ट'चं स्पेलिंग असं केलं होतं, की अर्थ विश्रांतीऐवजी 'हिसकावून घेणे' असा व्हावा. गिर्यारोहणाचा सराव म्हणून तो पाच आठवडे इंग्लंड आणि वेल्समधल्या टेकड्यांवरून पायी फिरला. वेल्समधलं सर्वांत उंच शिखर १,०८५ मीटर, म्हणजे आमच्या कळसूबाईहून साडेपाचशे मीटरनी बुटकं! बर्फातली कुऱ्हाड कशी धरतात, बुटांना क्रॅम्पॉनचे लोखंडी खिळे कसे बांधतात, हे त्यानं शिकून घेतलं नाही. बर्फ म्हणजे पांढरी जमीन, असा त्याचा समज असावा.

परवानग्या : एकही नाही. निघण्यापूर्वी आईवडिलांना भेटायला म्हणून गेला तो वाटेत एका शेतात विमानासकट कोसळला. त्याला खरचटलं नाही. विमान मात्र तीन आठवडे दुरुस्तीला पडलं. योजनेतला आपटण्याचा भाग त्याला जमतो, एवढं सिद्ध झालं. सरकारच्या विमान खात्यानं उड्डाणाला बंदी केली. ती धाब्यावर बसवून विल्सन २१ मे १९३३ रोजी उडाला.

बहारीनला इंग्रज अधिकाऱ्यांनी पेट्रोल अडवलं. मागे फिरत असाल तर देतो, म्हणाले. विल्सननं मान्य केलं, पेट्रोल भरलं, आणि विमान मागे न वळवता थेट ग्वादरच्या दिशेनं सोडलं. आज हे गाव पाकिस्तानात आहे. समुद्रावरून नऊ तासांहून अधिक उड्डाण, खाली पाणी, टाकीत इंधन संपत आलेलं. उतरला तेव्हा अंधार पडू लागला होता. निघाल्यापासून दोन आठवड्यांत तो हिंदुस्थानात होता. दुप्पट वेळ घेऊन विमान शिकलेला माणूस!

इथं मात्र सरकार जागं होतं. बिहारमध्ये पूर्णियाजवळ विमान अडकवून ठेवलं. नेपाळवरून उडायला परवानगी नाही. विल्सननं शेवटी विमान विकलं, पाचशे पौंडांना. त्या काळी रुपया दीड शिलिंगाला बांधलेला होता. म्हणजे ६,६६६ रुपये, १० आणे, ८ पै. (हा हिशोब कोणी विचारलेला नाही, याची मला कल्पना आहे.) ज्या प्रकल्पाचं मुख्य यंत्रच विकलं गेलं, त्या खात्याला आम्ही बुडीत म्हणतो आणि फाईल वरच्या फळीवर टाकतो. विल्सन दार्जिलिंगला गेला. तिथून तिबेटात पायी जायची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. हिवाळाभर तो तिथंच थांबला.

त्याला तिथं तीन भुतिया माणसं भेटली : तेवांग, रिंझिंग आणि त्सेरिंग. आदल्या वर्षीच्या, ह्यू रटलेज यांच्या एव्हरेस्ट मोहिमेत त्यांनी काम केलेलं होतं. विल्सननं हॉटेलच्या खोलीचं सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरलं, वाघाच्या शिकारीला चाललो आहे असं सांगून ठेवलं, आणि २१ मार्च १९३४ रोजी बौद्ध भिक्षूचा वेष करून तो त्या तिघांबरोबर गावाबाहेर पडला. १४ एप्रिलला ते एव्हरेस्टच्या पायथ्याच्या रोंगबुक मठात पोचले. माथ्यावर जायचा मुहूर्त त्यानं आधीच काढला होता : २१ एप्रिल, छत्तिसावा वाढदिवस.

दोन दिवसांनी तो एकटाच निघाला. हिमनदीत वाट सापडेना. तो वळसे घेत राहिला. जुन्या मोहिमेच्या एका तळावर त्याला क्रॅम्पॉनची जोडी मिळाली. बर्फात पाय घट्ट रोवणारे तेच लोखंडी खिळे, त्या क्षणी त्याला जगातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा ज्यांची जास्त गरज होती. त्यानं ते फेकून दिले.

इथं मी पुस्तक मिटलं आणि वाचनालयातल्या पंख्याकडे बघत बसलो. अर्ज बाजूला राहिला. मला काउंटरवरून हात लांब करून त्या माणसाला ओरडावंसं वाटलं, "अहो, ते उचला! ते राहू द्या जवळ!"

नऊ दिवसांनी तो मठात परतला, डोळे हिमानं दिपलेले, पाय मुरगळलेला. वाढदिवस कुठल्याशा तंबूत गेला होता. अठरा दिवस पडून राहिला. १२ मे रोजी पुन्हा निघाला, या वेळी तेवांग आणि रिंझिंगला घेऊन. वाट माहीत असलेली माणसं बरोबर होती, म्हणून तीन दिवसांत ते नॉर्थ कोलच्या खिंडीखालच्या जुन्या तळावर पोचले. रटलेजच्या लोकांनी मागे ठेवलेला खाण्याचा साठा तिथं सापडला. उपासाच्या महिम्यासाठी निघालेल्या विल्सननं तो मनापासून खाल्ला. सबंध हकिकतीत त्याच्याबद्दल मला सर्वांत जिव्हाळा वाटला तो इथं.

पण पुढची भिंत जेवणानं चढता येण्यासारखी नव्हती. चार दिवस धडपडल्यावर चाळीस फुटांच्या एका बर्फाच्या कड्यानं त्याला परत पाठवलं. दोघं सोबती आता खाली चला म्हणाले. ते भित्रे नव्हते. वरती काय असतं हे त्यांना ठाऊक होतं, एवढंच. विल्सन २९ मे रोजी एकटा निघाला. बरोबर एकोणीस वर्षांनी त्याच तारखेला, डोंगराच्या दुसऱ्या बाजूनं, तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर जायचे होते. ३१ मेला त्यानं डायरीत शेवटची नोंद केली. दिवस सुंदर आहे आणि आपण पुन्हा निघालो आहोत, एवढ्याच अर्थाची.

पुढच्या वर्षी, जुलै १९३५ मध्ये, एरिक शिप्टन यांच्या तुकडीला खिंडीच्या पायथ्याशी तो सापडला. तंबूच्या फाटक्या अवशेषांशेजारी, कुशीवर. डायरी पिशवीत होती. त्यांनी त्याला एका हिमभेगेत मूठमाती दिली. त्या तुकडीत एक नवखा तरुण पहिल्यांदाच एव्हरेस्टवर आला होता. त्याचं नाव तेनसिंग.

मी घरी आलो तो गप्पच. सौ.नं विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "एक इंग्रज. १९३४ साली." ती म्हणाली, "मग जेवायला बसा."

जेवताना मला अप्पा आठवले. अप्पांना कैलास-मानसरोवर करायचं होतं. १९८१ साली सरकारनं ती यात्रा पुन्हा सुरू केली, तेव्हापासून अप्पांची वही सुरू झाली. दिल्लीची गाडी, डॉक्टरी तपासणी, कुमाऊँतून लिपुलेखची खिंड, कुठल्या मुक्कामाला किती चाल, लोकरीचे मोजे जोड चार. हिवाळ्यात फुटपाथवर स्वेटर विकायला तिबेटी लोक बसतात, त्यांच्यातल्या एका बाईकडून त्यांनी एक जाडजूड कानटोपीही घेतली. "तिकडचीच आहे," असं ते अभिमानानं सांगत. दरवर्षी ती उन्हात घालत, डांबराच्या गोळ्या बदलत आणि पुन्हा ट्रंकेत ठेवत. एक वर्ष माझ्या दहावीचं होतं. एक वर्ष बहिणीच्या लग्नाचं. एक वर्ष गच्ची गळायला लागली म्हणून. प्रत्येक वर्षाचं कारण वहीत नोंदलेलं आहे, आणि एकही कारण खोटं नाही. अप्पांनी कुठलाच धोका पत्करला नाही, त्यांना कुठलाही अपघात झाला नाही. ते घरी, अंथरुणावर, आमच्या सगळ्यांच्या देखत गेले. वही पूर्ण होती. टोपी कोरी होती.

त्या रात्री मी तिन्ही फाईली मनात शेजारी शेजारी मांडल्या. हंटसाहेबांची, विल्सनची आणि अप्पांची. माझी अप्पांच्या फाईलला पुरवणी म्हणून.

हंटसाहेबांचं साडेचार टन सामान वाचून मी हुरळलो होतो, पण त्या योजनेचा खरा जीव सामानात नव्हताच. तेनसिंग-हिलरींच्या आधी, २६ मे रोजी, इव्हान्स आणि बोर्डिलन अशी दुसरी एक जोडी माथ्याकडे धाडली होती. माथा शंभर मीटर उरला असताना ती दमून परत आली. योजना मात्र थांबली नाही, कारण मागची जोडी तयार होती. म्हणजे त्या कागदावर दोन गोष्टी होत्या : एक तारीख, आणि 'नाही जमलं तर'. विल्सनच्या कागदावर नुसती तारीख होती. 'नाही जमलं तर' हा रकानाच त्याला अपमानाचा वाटला असावा. आणि आम्हा बापलेकांच्या कागदांवर 'नाही जमलं तर' सात सात पानं होतं. तारीख तेवढी नव्हती.

विल्सनला वेडा म्हणून सोडून देता येत नाही, याचं आणखी एक कारण आहे. २० ऑगस्ट १९८० रोजी राइनहोल्ड मेस्नर त्याच तिबेटच्या बाजूनं, अगदी एकटा, ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय एव्हरेस्टवर जाऊन आला. म्हणजे विल्सनच्या अर्जातला उद्देशाचा रकाना अगदीच अशक्य कोटीतला नव्हता. फक्त मेस्नरचा अनुभवाचा रकाना आयुष्यभराच्या चढायांनी भरलेला होता, आणि पायांत बर्फाचे खिळे होते.

तेव्हा कोणी उद्या विल्सनसारखा अर्ज घेऊन माझ्या काउंटरला आला, तर मी तो नामंजूरच करीन. तेवांग आणि रिंझिंग यांनीही तेच केलं, आणि त्यांच्यापेक्षा त्या डोंगराचं मूल्यांकन करणारं जास्त लायक कोणी नव्हतं. पण नामंजूर करून झाल्यावर मी खिडकी बंद करून त्याला चहाला नेईन, आणि क्रॅम्पॉनचं तेवढं समजावून सांगीन.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे फाईल ठेवली. सात पानांची दोन केली होती. इसबगोल ठेवला, कॅशियरसाहेबांना वाटेतच थांबावंसं वाटलं तर त्यांच्याबरोबर कोण थांबेल, त्याचं नावही घातलं. पहिल्या पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : येत्या महिन्याचा दुसरा शनिवार, पहाटे पाच, एस.टी. स्टँड. साहेबांनी सही केली. कॅशियरसाहेब माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी रोकड मोजल्याशिवाय पावती दिली.

सौ. पिशवी भरताना विचारत होती, "कळसूबाईला ही माकडटोपी कशाला? घामाघूम व्हाल!"

मी म्हटलं, "यादीत आहे."

यादीत ती होती. माझ्या नव्हे, अप्पांच्या.